बुश धुळ्यातून उभे नाहीत : चित्रपट मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकणार होते. सोमवारी सकाळी आधी कागदावर लिहून काढलं आणि मग टाइप करायला फोन उघडला, तर लिहायची जागाच गायब. तिथे एक ओळ होती : 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.' रविवारी रात्री दहापर्यंत त्याच ग्रुपवर लोक शुभ रात्रीची फुलं पाठवत होते. म्हणजे दार रात्रीतून लागलं. आता रस्त्यात उभं राहून बोलायचं तर आवाज थोडा चढणारच, तो राग समजू नका.

ज्यांना काय झालं ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपण हॉलवर सिनेमा दाखवतो. गेल्या रविवारी मायकेल मूर यांचा 'फॅरनहाइट ९/११' होता. जॉर्ज डब्ल्यू. बुश अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असतानाच, त्यांच्यावरच काढलेला माहितीपट, २००४ सालचा. साठेक माणसं होती. सिनेमा संपला, दिवे लागले, पोरं नेहमीसारखी खुर्च्या गोल करायला उठली, तेवढ्यात सचिवांनी माइक घेतला : 'आज चर्चा होणार नाही. चहा बाहेर आहे.' दुसऱ्या दिवशी सूचना आली. यापुढे 'राजकीय स्वरूपाचे' माहितीपट नाहीत, आणि सिनेमानंतरची चर्चा 'तूर्त स्थगित'. कारणं तीन : निवडणुकीची आचारसंहिता, राष्ट्रपतीपदाचा मान, आणि मंडळ राजकारणापासून अलिप्त आहे.

मी टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढली आहेत. 'तूर्त' म्हणजे किती ते मला माहीत आहे.

आधी एक सांगून टाकते. मला हा सिनेमा निम्मा पटला नाही. हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल तर जरा थांबा, कारण माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

सिनेमात एक प्रसंग आहे. भरजरी पोशाखातली श्रीमंत मंडळी जेवायला बसलीत आणि बुश हसत हसत म्हणतात, काही लोक तुम्हाला उच्चभ्रू म्हणतात, मी तुम्हाला माझा पाया म्हणतो. हॉलमध्ये दोघातिघांनी 'बघा!' असं केलं. मीही केलं. घरी येऊन मुलाला शोधायला लावलं तेव्हा कळलं की ते न्यूयॉर्कचं अल स्मिथ यांच्या नावानं दरवर्षी होणारं धर्मादाय जेवण. निवडणुकीच्या वर्षी तिथे दोन्ही उमेदवारांनी स्वतःचीच टिंगल करायची अशी जुनी रीत आहे. २००० सालच्या त्या जेवणात बुश यांच्या विरुद्ध उभे असलेले अल गोरही होते आणि त्यांनीही ती केली. सिनेमा हे सांगत नाही. लग्नाच्या पंगतीत व्याह्यानं केलेली थट्टा उचलून कोर्टात पुरावा म्हणून लावावी, तसला प्रकार झाला. संरक्षण खात्याचे उपमंत्री वुल्फोवित्झ कंगव्याला थुंकी लावून केस बसवतात, तेही दाखवलंय. हसू येतं, नाही असं नाही. पण त्यातून इराकबद्दल काय कळलं? मला भांग पाडताना कोणी टिपलं तर मीही काही फार शहाणी दिसणार नाही. बाँब पडण्याआधीचा बगदाद दाखवताना मुलं पतंग उडवताहेत, बायका हसताहेत, जणू तिथे बारा महिने संक्रांत होती. सद्दामच्या राजवटीत लोकांचं काय होत होतं त्याचा मागमूस नाही.

आणि ती सात मिनिटं. ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ, फ्लोरिडातल्या सारासोटा गावची शाळा. राष्ट्राध्यक्ष मुलांच्या वर्गात बसलेत. त्यांचा अधिकारी वाकून कानात सांगतो की न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर दुसरं विमान धडकलं. आणि ते बसूनच राहतात, हातात मुलांचं पुस्तक घेऊन. हे खरं आहे, कॅमेऱ्यात आहे, त्यावर कोणाचा वाद नाही. काउंटरवर बसलेल्या माणसाला सात मिनिटं म्हणजे काय ते विचारा, तिकिटांची घडी फाडायला दोन मिनिटं लागली तरी रांग ओरडते. पण मूर तिथे थांबत नाहीत. बुश यांच्या मनात त्या क्षणी काय काय चाललं असेल ते स्वतःच्या आवाजात ऐकवतात. अहो, दुसऱ्याच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं? चेहरा दाखवलात तेवढं बास होतं. मला तर त्या चेहऱ्यावर घाबरलेला माणूस दिसला, आणि त्याबद्दल राग यावा की कीव, ते अजून ठरलेलं नाही.

हे सगळं मला रविवारी बोलायचं होतं. माझ्या शेजारी बसलेले प्राध्यापक उलट मताचे होते, ते मधल्या वेळेतच म्हणाले होते, 'ताई, चर्चेत तुमच्याशी भांडतो आज.' मी म्हटलं, या. आम्ही दोघं तयारीत, आणि तुम्ही आम्हाला चहाकडे पाठवलंत. हॉलमधून साठ माणसं बाहेर पडली ती फक्त मूरसाहेबांची बाजू ऐकून. तुम्हाला ते अलिप्तपणा वाटतो. एकतर्फी सिनेमा पूर्ण दाखवायचा आणि त्याला उत्तर देऊ शकणाऱ्यांचा माइक काढून घ्यायचा, याला मी प्रचार म्हणते. मूर यांना एवढी मदत तर त्यांच्या स्वतःच्या देशातही कोणी केली नसेल.

आता सिनेमाचं जे चांगलं आहे ते. मनोरे पडतात तेव्हा पडदा काळा होतो. चित्र नाही, नुसते आवाज. आपल्या प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरतो ते एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, त्या वेळी तोसुद्धा ऐकू येत होता. आणि दुसरी ती आई.

मिशिगनमधल्या फ्लिंट गावची ती बाई. मोटारींचे कारखाने बंद पडून ओस पडलेलं गाव, जिथे सैन्यात भरती करणारे लोक मॉलच्या दारात पोरं हेरत उभे असतात. बाई रोज घरावर झेंडा लावणारी, पोरांनी सैन्यात जावं असं मानणारी. तिचा मुलगा इराकमध्ये हेलिकॉप्टर पडून गेला. ती घरच्या माणसांसमोर त्याचं शेवटचं पत्र वाचते. पत्रात तो राष्ट्राध्यक्षांवर चिडलेला आहे, आपल्याला इथे कशासाठी आणलं म्हणून विचारतो आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी दोंडाईचाच्या काउंटरवर होते. कारगिलचे दिवस. 'द्वारा ५६ एपीओ', म्हणजे लष्करी टपालाचा, पत्ता असलेली पाकिटं रोज हाताखालून जायची. जवळच्या खेड्यातल्या एक आजी दिवसाआड एसटीनं यायच्या आणि जाळीला तोंड लावून विचारायच्या, 'मना पोऱ्याना कागद उना का वं?' नसायचा. एकदा आला तेव्हा मी तो शिक्का मारायच्या आधीच त्यांच्या हातात दिला, खात्याच्या नियमात ते बसत नाही, पण आता मी निवृत्त आहे. त्यांचा मुलगा सुखरूप परत आला, पेढे आणून दिले त्यांनी. फ्लिंटच्या त्या बाईनं घडी उलगडली तेव्हा मला जाळीतली ती बोटं दिसली. माझ्या मागच्या रांगेत एक म्हातारी नातवाबरोबर आली होती. इंग्रजीचा गंध नाही. पत्र वाचून झालं तेव्हा ती हळूच म्हणाली, 'त्या मायना पोऱ्या गया वं.' खालच्या अक्षरांचीसुद्धा गरज पडली नाही तिला.

तरीही माझं भांडण आहेच. पुढे ती बाई व्हाइट हाउससमोर जाते, तिथे कोणीतरी तिला म्हणतं की हे सगळं ठरवून केलेलं आहे, आणि ती कोसळते, रडत कमरेत वाकते. कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. आमच्याकडे कोणाच्या दारावर गेलं की माणूस खाली बघतो, मातीत काडीनं रेघा ओढत बसतो, कारण रडणाऱ्याकडे टक लावून बघायचं नसतं. मूर यांनी बघायला हवं होतं की नको? त्यांनी बघितलं नसतं तर मला ती बाई कळलीच नसती, हेही खरं. मी दोन्हीकडून बोलू शकते. समोर कोणीतरी हवं ना पण.

आणि आता माझं खरं दुखणं. ते चर्चेत शेवटी काढणार होते, इथेही मागेच आलं.

माझे वडील शिंदखेडा तालुक्यात कोरडवाहू कापूस लावायचे. २००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात कापसाचा भाव सुमारे तीस वर्षांच्या तळाला गेला. वडिलांनी जिनिंगवरून भरलेली गाडी परत आणली. त्या वर्षी होळीपर्यंत कापूस आमच्या ओट्यावर आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत होता. भावाची पोरं त्यावर उड्या मारायची आणि रात्रभर अंग खाजवत झोपायची. आई म्हणायची, लक्ष्मी घरात आहे तर कुरकुर करू नका. वडील काहीच म्हणायचे नाहीत, हेच जास्त वाईट होतं. १३ मे २००२ ला याच बुश यांनी अमेरिकेच्या नव्या शेती कायद्यावर सही केली. तिथल्या कापूसवाल्याला भाव पडला तरी सरकार फरक भरून देणार, मग तो कशाला कापूस कमी लावेल? त्याच सप्टेंबरात ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. सप्टेंबर २००४ मध्ये, हा सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरांत लागल्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, तिथल्या समितीनं लेखी दिलं की १९९९ ते २००२ या वर्षांत अमेरिकेच्या अनुदानांमुळे कापसाचे जागतिक भाव दबले होते. आमच्या ओट्यावरच्या ढिगाचा आणि वॉशिंग्टनचा संबंध जिनिव्हाच्या, म्हणजे त्या संघटनेच्या मुख्यालयाच्या, कागदावर आला. सगळा दोष त्यांचा नव्हे. खरेदीचा घोळ, चुकारे लांबवणं, हे आपल्या घरचंच होतं.

सिनेमात तेल आहे, सौदी राजघराणं आहे, शस्त्रांच्या कंपन्या आहेत. कापूस नाही. त्यात मूर यांची चूक नाही, त्यांनी तो त्यांच्या मतदारांसाठी काढला. पण धुळ्यात बसून बघताना कापूस आपण जोडायचा असतो, आणि तो जोडायची जागा म्हणजे सिनेमानंतरचा तो एक तास. मंडळ नाहीतर आहे कशाला? सिनेमा काय, आजकाल फोनवरही दिसतो.

आता तुमची तीन कारणं घेते.

आचारसंहिता असते ती पक्षांना, उमेदवारांना आणि सत्तेवर बसलेल्यांना. बुश आपल्या शहरात कोणत्याही प्रभागातून उभे नाहीत. अमेरिकेतही उभे राहू शकत नाहीत, त्यांच्या घटनेची १९५१ सालची बाविसावी दुरुस्ती माणसाला तिसऱ्यांदा निवडून येऊ देत नाही. आणि सिनेमानं निवडणूक फिरते या भीतीनं हे केलं असेल तर तीही काढून टाका. या सिनेमाला मे २००४ मध्ये कान महोत्सवात पाम दोर हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, एकट्या अमेरिकेत त्यानं अकरा कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, आणि नोव्हेंबरात बुश पुन्हा निवडून आले.

'राष्ट्रपतीपदाचा मान' हे कारण मी दोनदा वाचलं. खान्देशात राष्ट्रपती म्हटलं की डोळ्यासमोर प्रतिभाताई येतात. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्याची लेक, १९६२ साली जळगावातून आमदार, २००७ साली देशाची पहिली महिला राष्ट्रपती. तुमच्या डोळ्यासमोरही तेच आलं असावं, म्हणून घोळ झाला. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतःच सरकार चालवतो, फौजा पाठवतो, कापसाच्या कायद्यावर सही करतो. त्याला जाब विचारणं म्हणजे पदाचा अपमान नव्हे, ते त्या पदाबरोबरच येतं.

आणि 'राष्ट्रपती' या शब्दाचाच मान राखायचा तर फैजपूर आठवा. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या खान्देशात झालं. माझे आजोबा गेले होते, पाय सुजवून घेऊन आले, एवढीच त्यांची आठवण घरात शिल्लक आहे. तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणत, आणि फैजपूरचे राष्ट्रपती जवाहरलाल नेहरू होते. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये 'राष्ट्रपती' नावाचा लेख आला. लेखक 'चाणक्य'. हा माणूस लोकप्रियतेच्या जोरावर हुकूमशहा होऊ शकतो, याच्यावर नजर ठेवा, आपल्याला सीझर नकोत, असा त्याचा सूर. चाणक्य कोण हे नंतर उघड झालं. खुद्द नेहरूच! पदावरच्या राष्ट्रपतीनं स्वतःवरच लिहिलेली टीका छापली गेली, वाचली गेली, आणि कोणाचा मान गेल्याचं ऐकिवात नाही.

तिसरं कारण अलिप्ततेचं. त्यावर वर बोलले आहे, पुन्हा उगाळत नाही. फक्त एवढंच की असं करणारे तुम्ही पहिले नाही. निर्मितीत पैसा घातलेल्या कंपनीची मालक असलेल्या डिस्नेनं हा सिनेमा वितरित करायला २००४ साली नकार दिला होता, सिनेमा तरीही लागला. सिनेमाच्या विरोधातल्या 'सिटिझन्स युनायटेड' नावाच्या गटानं त्याच्या जाहिराती म्हणजे निवडणूक प्रचार आहे म्हणून तक्रार केली, तिथल्या निवडणूक आयोगानं ती फेटाळली. मग त्या गटानं काय केलं? स्वतःचे सिनेमे काढायला घेतले. त्यातल्याच एका सिनेमावरून २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि निवडणुकीत कंपन्यांच्या पैशाला वाट मोकळी झाली, ते मला मुळीच आवडलेलं नाही. पण सिनेमाला सिनेमानं उत्तर देणं मला कळतं. सिनेमाला 'चहा बाहेर आहे' हे उत्तर मला कळत नाही.

अध्यक्षसाहेब, तुम्ही आणि मी याच शहरात वाढलो. इथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. ऐकायला बसलेल्यांत सगळे एका मताचे नव्हते. इंग्रजांचा तुरुंग होता तो. आपला तर भाड्याचा हॉल आहे.

माझ्या मागण्या अशा.

या सिनेमावरची राहिलेली चर्चा येत्या रविवारी घ्या. सिनेमा न आवडलेल्यांना आधी बोलू द्या, त्यांचं म्हणणं रविवारी सगळ्यात जास्त दाबलं गेलं. माझा नंबर शेवटी लावलात तरी चालेल.

'राजकीय' माहितीपट बंद करण्याचा निर्णय मागे घ्या किंवा सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. कार्यकारिणीच्या ज्या बैठकीत तो झाला तिचं इतिवृत्त सभासदांना वाचायला द्या. बैठक झालीच नसेल तर तसं सांगा. तक्रार कोणी केली त्यांची नावं मला नकोत, त्यांनाही रविवारी बोलवा.

एका बाजूचा माहितीपट लावाल तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत दुसऱ्या बाजूचाही लावा. बुश यांच्या बाजूनं काढलेले सिनेमेही आहेत. ते मला आवडणार नाहीत, तरी मी येईन.

ग्रुप उघडा. शुभ सकाळची फुलं आली तरी चालतील.

आणि एक छोटी गोष्ट, जी या भानगडीत राहून जाते. पूर्वी सिनेमाच्या आधी एक सभासद दहा मिनिटं मराठीत गोष्ट समजावून सांगायचे. ते परत सुरू करा. मागच्या रांगेतल्या त्या म्हातारीला पत्र कळलं, पण त्या पोरानं पत्रात काय लिहिलं होतं ते नातवाला नीट सांगता आलं नाही. मी बघत होते. तो म्हणाला, 'काही नाही आजी, आईला नमस्कार लिहिलाय.'

येत्या रविवारी साडेचारला मी हॉलवर येणार आहे. प्राध्यापकांनाही फोन केलाय, ते येतो म्हणालेत. कुलूप असेल तर बाहेरच्या पायरीवर संध्याकाळी सावली असते, तिथे सात-आठ माणसं आरामात बसतात. शेंगदाणे मी भाजून आणते.

आपली,
एक आजीव सभासद
(पावती माझ्याकडे जपून आहे)
देवपूर, धुळे